मचाणाची जागा

"हे झाडच चुकीचं आहे," रेनोकाका म्हणाले. "पोरी, मचाण आजच खाली काढू. उगाच थंडीत कुडकुडत बसशील."

काइसाने मेपलला टेकवलेली शिडी धरून ठेवली होती. वर फांद्यांमध्ये तिच्या वडिलांचं, वाइनोंचं, लोखंडी मचाण होतं. त्याचे पट्टे उन्हापावसाने विटले होते. वाइनो फेब्रुवारीत गेले. आता शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता, आणि काइसाने आयुष्यात पहिल्यांदा परवाना काढला होता. हरणाचं तिला फारसं काही नव्हतं. वडील जिथे इतकी वर्षं पहाटे जाऊन बसले, तिथे तिला एकदा बसायचं होतं.

"बाबा कायम इथेच बसायचे," ती म्हणाली.

"म्हणून तर कायम हात हलवत यायचा." काका हसले. "सौनाच्या वाफेत येऊन बसला की सगळे विचारायचे, काय वाइनो, यंदा झोपेत किती मारलीस? आमचा थोरला नुसता हसायचा. वर आणखी पाणी ओतायचा तापल्या दगडांवर, म्हणजे वाफेने विचारणाऱ्यांनाच बाहेर पळावं लागायचं."

काइसाही हसली. पण शिडी तिने सोडली नाही.

"बरं, शिकायचंच आहे ना? मग नीट शीक." काकांनी तिला झाडाभोवती फिरवलं. एका कोवळ्या खोडाची साल सोलवटून निघाली होती. "हा नर. शिंगं घासून गेलाय. ही उकरलेली माती बघ, अजून ओली आहे. म्हणजे वावर आहे." पानांमधून एक बारीक पायवाट उतारावरून खाली, सीडरच्या दाट झाडीतल्या दलदलीत शिरत होती. "रात्रभर चरतात आणि उजाडायच्या आत तिथे जाऊन बसतात. आता मचाण. सूर्य डोळ्यांवर नको. पाठीशी दाट फांद्या हव्यात, नाहीतर उघड्या आभाळावर तू कावळ्यासारखी दिसशील. पण हे सगळं एका बाजूला आणि वारा एका बाजूला. वारा हरणाकडून तुझ्याकडे यायला हवा. त्याला तुझा वास गेला की खेळ संपला."

त्यांनी खिशातून रुईचं वाळलेलं बोंड काढलं आणि एक म्हातारी हवेत सोडली. ती क्षणभर घुटमळली, मग उतारावरून खाली तरंगत सरळ सीडरमध्ये शिरली. काकांनी दुसरी सोडली. तीही तिथेच गेली.

"बघितलंस? सरोवरावरून येणारा वारा. हंगामभर बहुतेक हाच असतो. इथे बसलेल्या माणसाचा वास थेट त्यांच्या अंथरुणात. एकही हरीण इकडे फिरकायचं नाही. शाळेतलं पोरसुद्धा इथे मचाण बांधणार नाही, बाई."

काइसा दलदलीकडे बघत राहिली.

"वास आला की ती काय करतात?"

"काय करणार? उठतात आणि गुपचूप पलीकडून निघतात."

"पलीकडून म्हणजे कुठून?"

"नदी आणि दलदल यांच्यामध्ये ती कोरडी चिंचोळी पट्टी आहे ना, तिथून. दुसरी वाटच नाही. माझ्या झाडाखालून..."

काका बोलायचे थांबले.

लाकडाची मिल बंद पडून काकांची नोकरी गेली, त्या वर्षापासून ते त्या पट्टीवरच्या ओकवर बसत होते. हंगाम उघडला की एक-दोन दिवसांत त्यांच्या गाडीवर हरीण असायचंच. घरात खाणारी चार पोरं होती, आणि हिवाळा त्या मांसावर निघायचा. वाइनोंची रस्त्यावरचा बर्फ काढायची नोकरी पक्की होती, त्यांना कशाची वाण नव्हती. तरी दर नाताळात काका एक मांडी आणून त्यांच्या टेबलावर आपटायचे. "घे थोरल्या. धाकटा भाऊ आहे म्हणून खातोयस!" वाइनो आभार मानून ठेवून घ्यायचे. मागच्या हंगामात ते इस्पितळात होते आणि हे मेपल रिकामं होतं. काका महिनाभर ओकवर बसले. त्यांना शेपूटसुद्धा दिसलं नाही. लांडगे माजलेत, असं ते भेटेल त्याला सांगत होते.

"काका," काइसाने हळूच विचारलं, "हे वाऱ्याचं वगैरे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"त्यानंच."

"आणि तुमचं झाड कुणी शोधलं?"

दलदलीवरून काकांची नजर पट्टीपर्यंत गेली आणि तिथून परत आली. मग त्यांनी तिच्या हातातली शिडी घेतली, नीट रोवली आणि गुडघ्यांना शिव्या देत वर चढले. आता मचाण सुटणार म्हणून काइसा बाजूला झाली.

वरून पट्ट्यांचा आवाज आला. काका ते सोडवत नव्हते. एकेक पट्टा खेचून घट्ट करत होते. सगळे आवळून झाल्यावर ते तिथेच टेकले, दलदलीकडे तोंड करून. बराच वेळ त्यांची पाठ तेवढी तिला दिसत होती.

"पहिल्या दिवशी तू माझ्या झाडावर बस," मागे न बघता ते म्हणाले. "उजाडलं की पट्टीवरची नजर हलवू नकोस. इथे मी बसतो."