उशीखालच्या वड्या

“आत्ता चैत्रात कुठली दिवाळी काढलीत, वहिनी?” बेकरीवाला सहादू पत्रा हातात घेत म्हणाला. दिवाळीत गल्लीतल्या बायका घरचं सामान आणून त्याच्या भट्टीत नानकटाई भाजून घेत. विमलाबाईंच्या पत्र्यावर मात्र नानकटाई नव्हती. भुशासारखं काहीतरी तुपागुळात कालवून थापलं होतं, त्यात मनुका आणि खजुराचे तुकडे.

“मेमसाबची ऑर्डर हाय,” विमलाबाई म्हणाल्या. “कडेला लाल झालं की काढा. मधे मऊ राहू द्या.”

साफ खोटं. त्यांचा नवरा मल्हारी चार दिवसांपासून सातपूरला कंपनीच्या गेटसमोर आमरण उपोषणाला बसला होता. कंपनीनं बेचाळीस माणसं एका सकाळी घरी पाठवली, त्यांना परत घ्या, एवढीच मागणी. बेचाळिसांतले उपाशी बसायला तयार झाले दोघंच, मल्हारी आणि लहानू. बाकीचे चाळीस हार घालायला आणि घोषणा द्यायला होते. घोषणांनी पोट भरतं थोडंच!

मल्हारी मुळातच काडीपैलवान. त्याची शुद्ध कधी हरपेल याचा नेम नव्हता, आणि विमलाबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. त्या देवळाली कॅम्पात एका कर्नलच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. कर्नलसाहेब तोफांच्या रेंजवर निघताना ओट या विलायती धान्याच्या दोन वड्या खिशात टाकत आणि दिवस मावळेपर्यंत वर नुसतं पाणी पीत. हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भाकरी लपवता येत नाही. वडी मुठीत मावते, तोंडात विरघळते, कुणाला पत्ता लागत नाही. त्यांनी मेमसाबकडे ओटचा डबा मागितला. कशाला, असं तिनं विचारलंही नाही.

संध्याकाळी मंडपात जाऊन त्यांनी नवऱ्याचा सदरा बदलला आणि वड्यांचं फडकं हळूच उशीखाली सारलं.

“हे काय?” मल्हारी पुटपुटला.

“गप खा. कुणी बघत नाय.”

“विमल, चार माणसांत माझी अब्रू घालवू नको. घेऊन जा ते.”

“अब्रू घाला चुलीत! तुम्ही गेलात तर काय करू मी त्या अब्रूचं?”

त्याचं उत्तर ऐकायला बाई थांबल्याच नाहीत. बसमध्ये मात्र त्यांना रडू फुटलं.

दुसऱ्या संध्याकाळी उशीखाली हात घातला, तर फडकं रिकामं. नीट चौघडी केलेलं. नवरा चोरून खातो याचा एवढा आनंद जगात दुसऱ्या कुठल्या बाईला झाला नसेल! त्यांनी चकार शब्द काढला नाही, त्यानंही नाही. नवं फडकं ठेवलं, जुनं पदराखाली घेतलं. मग रोज हाच क्रम. सकाळी बंगला, दुपारी सहादूची भट्टी, संध्याकाळी मंडप. शेजारी लहानू कुशीवर पडलेला असे. त्याची बायको बाळंतपणाला घोटीला माहेरी गेलेली, त्यामुळे त्याचा सदरा बदलायला कुणी येत नसे. विमलाबाईंना त्याची कीव यायची, पण ओटचा डबा एकच होता. त्या मनात म्हणायच्या, आधी माझा माणूस वाचू दे.

पण मल्हारी उतरतच चालला. गालाची हाडं वर आली, डोळे आत गेले. सरकारी डॉक्टर रोज काट्यावर उभं करायचा आणि मान हलवायचा. बाईंना कळेना. एवढं तूप जातंय कुठं? त्यांनी मनुका दुप्पट केल्या. काजू घातले. सहादू म्हणाला, “वहिनी, पत्र्यावर तूप तरंगतंय.” त्या म्हणाल्या, “तरंगू द्या.”

अकराव्या दिवशी सकाळी मल्हारीची शुद्ध गेली. त्याला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. विमलाबाई बंगल्यावरून धावत पोचल्या, तेव्हा डॉक्टर वॉर्डाच्या दारातच भेटला.

“बाई, उशीर झाला. अकरा दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही. कोण टिकणार?”

“असं कसं? मी रोज...” त्या बोलता बोलता थांबल्या. अकरा दिवस ज्यासाठी तो झिजला होता, ते आता एका शब्दानं त्या मातीत घालणार होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला.

खाली अंगणात घोषणा चालू होत्या. तेवढ्यात लहानू जिना चढून वर आला. कुणाचा हात न धरता आला, एकटा. अकरा दिवसांचा उपाशी माणूस! विमलाबाई त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“तू खाल्ल्यास?”

लहानू त्यांच्या पुढ्यात खालीच बसला. “दादांनी चारल्या, वहिनी.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“त्यांनी एकपण नाय?”

“नाय. चव कशी लागते, तेवढं विचारायचे.”

विमलाबाईंनी भिंतीला डोकं टेकलं. त्याच्यावर रागावायलाही अंगात बळ उरलं नव्हतं. “जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “तू तरी जगलास. तेवढाच उपयोग झाला माझ्या हातचा.”

लहानू मोठ्यानं रडायला लागला. “तसं म्हणू नका, वहिनी. चौथ्या दिवशी दुपारीच मी हात टेकले होते. दादा म्हणाले, माझ्यानंही होत नाय आता, उद्या सकाळी दोघं मिळून उठू, घरी जाऊ. लिंबूपाणीसुद्धा सांगून ठेवलं होतं. आणि मग संध्याकाळी तुम्ही वड्या घेऊन आलात.”