मागच्या चाकाचं माप

घड्याळजीने डोळ्यात भिंग बसवलं आणि गाडी नेमकी कुठे लंगडते ते शोधू लागला.

टेबलावर वीतभर लांबीची मोटार उभी होती. संग्रहालयात दोरीपलीकडे ठेवलेल्या जुन्या, घोड्याविना धावलेल्या पहिल्या गाडीची ही प्रतिकृती, दहापट लहान करायला घेतलेली. पितळी दिवे, चामड्याची बैठक, दोऱ्याएवढी बारीक साखळी. आणि हे सगळं केलं कोणी, तर घड्याळजीच्या साडूने, बादल्यांना बुडं बसवण्यात ज्याची हयात गेली त्याने. दिवा हाताने फिरवला तर फिरायचा. घड्याळजीने तो दोनदा फिरवला आणि त्याचं पोट आणखी दुखलं.

"माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे हात बघा," असं बायकोचं घरात आठ महिने चाललं होतं. "नाहीतर तुम्ही. जन्म गेला लोकांच्या घड्याळांची धूळ झाडण्यात."

आज चार वाजता संग्रहालयाचे साहेब येणार होते. गाडी पसंत पडली, तर ती मूळ गाडीशेजारी काचेच्या पेटीत बसणार होती. साडूचं नाव सगळं गाव वाचणार आणि मापं घेऊन देणाऱ्याला कुत्रं विचारणार नाही, हे घड्याळजीने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

मापं घ्यायला दोघे मिळून गेले होते. साडूने टेप लावून गाडीची लांबी, रुंदी, उंची घेतली. चाकं, आरे, खिळे ही नाजूक मापं घड्याळजीकडे होती. मागचं चाक चौऱ्याऐंशी सेंटिमीटरचं भरलं. घड्याळजीने कागदावर ऐंशी लिहिलं. गाडी मागून खचेल, साहेब नाक मुरडतील आणि आपण साडूच्या पाठीवरून हात फिरवू, असं सगळं त्याने तिथेच ठरवून टाकलं होतं.

पण गाडी खचलेली नव्हती. मडगार्ड चाकावर नखाएवढं अंतर राखून बसलं होतं. म्हणजे आपलं माप याने फेकून दिलं. घड्याळजीने व्हर्नियर काढून मागच्या चाकाला लावला. बरोबर ऐंशी मिलिमीटर. त्याने पुन्हा लावला. ऐंशीच.

साडू चहाचे कप घेऊन आत आला. बगलेत पितळेची पाटी होती.

"दादा, पेटीखाली लावायला केलीय. बघा बरं, अक्षरं सरळ आहेत ना?"

पाटीवर 'अचूक मापे' असं कोरून पुढे घड्याळजीचं संपूर्ण नाव होतं. साडूचं नाव त्याच्याखाली, बारीक अक्षरांत.

"माझं नाव वर कशाला?" घड्याळजीने विचारलं.

"मग कोणाचं घालू? पत्रा ठोकणारे या गल्लीत दहा मिळतील."

घड्याळजीने कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. त्याला राहवेना.

"मागची चाकं… बसली का नीट?"

"कुठली बसतायत! सगळी गाडी तयार, आणि चाकं लावली तर मागून म्हशीसारखी बसलेली. चार वेळा काढली, चार वेळा घातली."

"मग चाकं नवी करायची होती. दोन दिवसांचं काम."

"मनात आलं होतं तसं." साडू ओशाळून हसला. "पण तुमचं माप चुकल्याचं मी जन्मात पाहिलेलं नाही. म्हटलं, चुकला असेल तर माझाच टेप. मग सगळी गाडी मोडली आणि तुमच्या चाकांच्या मापाने पुन्हा केली."