शेरा

सांख्यिकी कार्यालयाचे संचालक तक्ता पाहून भलतेच खुशीत होते. "स्थिर भांडवली गुंतवणुकीत शेजारच्या देशाला दुपटीनं मागे टाकलं आपण. पुलात त्यांनी चाळीस कोटी घातले, आपण ऐंशी. मंत्रीसाहेब उद्या सभागृहात वाचून दाखवणार आहेत. तेवढा शेवटचा शेऱ्याचा रकाना उडवा."

"शेरा खरा आहे, साहेब," तक्ता तयार करणाऱ्या बाई म्हणाल्या.

"खरा आहे म्हणूनच उडवा. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कशाला वाकड्यात शिरता? जुन्या कागदांच्या खोलीत धूळ खात बसाल."

"तिथं पंखा आहे का?"

"नाही."

"मग घरून आणते," असं म्हणून बाईंनी शेऱ्याला हात न लावता खाली सही केली आणि तक्ता साहेबांच्या देखतच छापखान्याला धाडला.

दुसऱ्या दिवशी मंत्री एकेक आकडा ठसक्यात वाचत शेवटच्या रकान्यापर्यंत आले आणि वाचण्याच्या भरात तोही वाचून गेले: "पूल एकच आहे. नदीच्या मध्यापर्यंत त्यांनी बांधला, तिथून पुढं आपण."