एकोणीस इंच

"बांधकामावर मी पाऊलसुद्धा ठेवलं न्हाई. नकाशा दिला, मिस्त्रीवर भरोसा ठेवला अन् फसलो," आप्पासाहेब साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हणाले.

ते इतकं ठासून म्हणाले, की क्षणभर उज्वलालाही खरं वाटलं. आणि ती तर मिस्त्रीची वकील होती!

देगलूरच्या दिवाणी कोर्टात दावा चालला होता. आप्पासाहेबांच्या नव्या घरात बैठकीवरची बीम चिरली होती. नकाशात दोन खांबांमधलं अंतर पंधरा फूट, जागेवर सतरा फूट पाच इंच. बाकीची मापंही तसलीच: कुठं चौदा फूट तीन इंच, कुठं अकरा फूट एक इंच. कोर्टानं पाठवलेल्या इंजिनिअरनं अहवालात लिहून टाकलं, मापांना कसलाच ताळमेळ नाही, मिस्त्रीची मनमानी आहे. करारात तर साफ कलम होतं, की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय नकाशात बदल करायचा नाही. खाली मोहियोद्दीन मिस्त्रीची सही. निकाल विरुद्ध गेला तर त्याचं राहतं घर जाणार होतं. चाळीस वर्षांचं नाव तर आत्ताच गेल्यात जमा होतं. कुणी साधा ओटा बांधायला बोलवत नव्हतं.

"मालकानंच सांगितलं होतं, बाई," एवढंच तो वर्षभर म्हणत आला.

"कागद आहे का, चाचा?"

"कागद कशाला? मालक सांगत होते, मी बांधत होतो."

घ्या! अशा अशिलापुढं वकिलानं करावं तरी काय? वर आणखी त्याची ती काठी. दर तारखेला फडक्यात गुंडाळून आणायचा आणि मांडीवर आडवी धरून बसायचा. चालायला टेकावी तर लांबीनं पुरत नव्हती. "चाचा, कुणाला बदडायचा बेत आहे?" उज्वला चेष्टा करायची. म्हातारा नुसता हसायचा.

आज सकाळी ऑफिसात खुर्ची मोकळी करायला तिनं ती काठी उचलली आणि खाली ठेवायला गेली. मोहियोद्दीन केवढ्यानं तरी ओरडला.

"खाली नको, बाई! मालकाचं माप हाय ते!"

मग एकेक बाहेर आलं. पाया आखायच्या दिवशी आप्पासाहेबांनी वास्तू बघणाऱ्या बिदरकडच्या गुरुबसप्पांना आणलं होतं. घर फुटानं नाही, मालकाच्या हातानं मोजायचं, असं त्यांचं सांगणं. म्हणून आप्पासाहेबांच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून ही काठी कापली, आणि सगळे खांब तिच्यावर आखले. वास्तुशांत होईपर्यंत काठी मिस्त्रीनं सांभाळायची. जमिनीला टेकली तर मालकाचं आयुष्य घटतं म्हणे.

"तुम्ही मानता हे, चाचा?"

"माझं सोडा. मालक मानतो ना? वास्तुशांत झालीच न्हाई, मग मी टाकू कुठं?"

"अहो, पण हे वर्षभर सांगितलं का नाही?"

"तुम्ही कागद मागून राहिलात, बाई. काठी कुठं मागितली?"

उज्वलानं फूटपट्टी लावली. काठी बरोबर एकोणीस इंच भरली. मग तिनं अहवालातली मापं भागून पाहिली. सात हात, नऊ हात, अकरा हात. एक इंचही इकडचा तिकडं नव्हता. तिला आनंद झाला आणि स्वतःचा रागही आला. साक्षीला बोलवावं तर गुरुबसप्पा मागच्या दिवाळीतच वारले होते.

आता उलटतपासात तिनं फडकं सोडलं आणि काठी वर धरली.

"आप्पासाहेब, सतरा फूट पाच इंच म्हणजे या काठीचे बरोबर अकरा हात. ही काठी ओळखता?"

आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं. "न्हाई. कवाच बघितली न्हाई."

"साहेब, साक्षीदाराच्या हाताचं माप घ्यायची परवानगी द्यावी."

आप्पासाहेबांचे वकील दयानंद ताडकन उठले. "हरकत आहे! मापं बघून ही काठी काल कुणीही कापली असेल. आणि उंच माणसाचा हात एकोणीस इंच भरला तर त्यात नवल काय?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "काठी तुमच्या पुराव्याच्या यादीत आहे?"

"नाही, साहेब."

"मग माप घेता येणार नाही. ती बाजूला ठेवा आणि पुढचा प्रश्न विचारा."

पुढचा प्रश्न उज्वलाकडं नव्हताच. मागच्या बाकावर मोहियोद्दीन खाली मान घालून बसला होता. तिला त्याच्याकडं बघवेना. तिनं टेबलाकडं पाहिलं. ते फायलींनी भरलं होतं. मग एकदा पिंजऱ्याकडं पाहिलं. काठी दोन्ही हातांत आडवी धरून ती सावकाश फरशीकडं वाकली.

"ओ बाई! खाली नका टेकवू!" आप्पासाहेब पिंजऱ्याचा कठडा धरून अर्धे बाहेर आले होते. "माझ्या हातावर कापलेली हाय ती!"

दयानंद वकील हळूच खाली बसले. न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "साक्षीदार जे बोलले ते शब्दशः घ्या."

काठी फरशीपासून बोटभर वर थांबली होती. मोहियोद्दीन कधी पुढं आला ते उज्वलाला कळलंच नाही. त्यानं तिच्या हातून काठी अलगद घेतली, फडक्यात गुंडाळली आणि घामाघूम झालेल्या आप्पासाहेबांकडं वळून म्हणाला,

"भिऊ नका, मालक. टेकली न्हाई."