हनुवटीचा दाखला

कॉलेजच्या प्रवेश अर्जातला शेवटचा रकाना कोरा होता. प्राचार्यबाईंनी कागद उलटून पाहिला. मागेही काही नव्हतं.

"अभ्यासाशिवाय काय करतेस, असं विचारलंय इथं," त्या म्हणाल्या. "तू काहीच लिहिलेलं नाहीस."

"काही करत नाही, म्हणून," मुलगी म्हणाली.

शेजारच्या खुर्चीच्या टोकावर तिचे वडील बसले होते. कपाळाकडे निघालेला हात त्यांनी कसाबसा केसांवरून फिरवला. चौकातल्या आपल्या दाढी-कटिंगच्या दुकानात तीस वर्षं ते उभेच होते. बसणं त्यांना जमत नव्हतं.

बाईंच्या बाजूला गणिताचे सर चहा पीत होते. "मार्क उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण या रकान्याला दहा गुण असतात. निदान चार मिळाले तरी यादीत नाव लागेल. शून्यावर मात्र आमचा काही इलाज चालत नाही. मघाच्या मुलीकडे सतरा प्रमाणपत्रं होती. फाईल उचलायला मामा आला होता सोबत."

"पोहतेस का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"गाणं?"

"घरचे नको म्हणतात."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "एखादा खेळ?"

"कुठला खेळ, बाई. शाळा सुटली की दुकानात असते," वडील मध्येच म्हणाले. "पेपर वाचते."

"पेपर सगळेच वाचतात हो," सर म्हणाले.

"ही मोठ्यानं वाचते."

"बाबा, ते काम आहे," मुलगी पुटपुटली. "घरचं काम यात लिहायचं नसतं."

"लिही म्हणत नाही गं, नुसतं सांगतोय." वडील सरांकडे वळले. "दाढीला बसलं की चष्मा काढून ठेवावा लागतो. मग गिऱ्हाइकाला काही दिसत नाही आणि माझे हात गुंतलेले. ही आठ वर्षांची असल्यापासून वाचून दाखवते. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शाळेनंतर. आधी लोक दाढीला यायचे आणि पेपर ऐकायचे. आता पेपर ऐकायला येतात आणि बसलोच आहे तर दाढी कर म्हणतात."

बाईंनी टेबलावरचा पेपर तिच्याकडे सरकवला. "वाच बघू काहीतरी."

मुलीनं दोन्ही हातांनी पेपर उघडला आणि तिचा आवाज बदलला. मोठा झाला नाही, पण खोलीच्या चारी कोपऱ्यांत नीट पोचला.

"तलावात कुणी उतरू नये म्हणून नगरपालिकेनं अखेर सूचनेचा फलक लावला आहे. फलक सर्व बाजूंनी दिसावा यासाठी तो तलावाच्या मधोमध उभारण्यात आला आहे. मात्र अक्षरं बारीक असल्यामुळे सूचना वाचण्यासाठी..."

ती थांबली. पेपरच्या वरून तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी घोट गिळला, कप बशीत ठेवला.

"...पोहत जावं लागतं, अशी नागरिकांची तक्रार आहे."

बाई खळखळून हसल्या. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"पण मध्येच का थांबलीस?" बाईंनी विचारलं.

"सरांच्या तोंडात चहा होता."

"म्हणजे?"

"सवय आहे," ती ओशाळून म्हणाली. "दुकानात गळ्यावर वस्तरा असतो. ऐन वेळी गिऱ्हाईक हसलं तर कापेल. म्हणून बाबांचा हात वर गेला की मगच हसायची ओळ वाचते."

सरांनी चष्मा परत घातला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. बाई टेबलावर पुढे झुकल्या.

"आणि वाईट बातमी असली तर?"

"कुणाच्या ओळखीतलं गेलं असेल तर ती शेवटी. टॉवेल हातात दिल्यावर." मुलीनं पेपरची घडी घातली. "तोंड पुसता पुसता डोळेही पुसता येतात."

वडिलांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नसावं.

बाईंनी पेन उघडलं. "वक्तृत्वात घालू?"

"वक्तृत्वात नको," मुलगी म्हणाली. "माझं कुठं काय असतं त्यात? छापलेलं असतं तेच वाचते."

"हातचं सोडतेय बघा," वडील म्हणाले.

"मग समाजसेवेत घालते. पण त्यालाही दाखला लागतो. कुणाचा आणणार?"

वडील आता उभेच राहिले. उभं राहिल्यावर त्यांना शब्द सुचले. "बाई, आठ वर्षं झाली, आमच्या चौकात एका हनुवटीवर ओरखडा नाही. म्हणाल तर सगळ्यांना इथं आणून रांगेत उभं करतो. आपण हात फिरवून बघा."

"नको, नको," बाई घाईनं म्हणाल्या आणि त्यांनी रकान्यात दोन ओळी लिहिल्या. शेजारी सहा घातला. सरांनी वाकून आकडा पाहिला, मान डोलावली आणि खाली सही केली.

मुलगी सहाकडे बघत राहिली. वडिलांनी दोन्ही हात जोडले, मग काय करावं ते न सुचून पुन्हा जोडले.

"एक लक्षात आलंय ना?" बाई म्हणाल्या. "आमचं कॉलेज सकाळी भरतं आणि संध्याकाळी प्रयोगशाळा असते. रोज वाचायला ही दुकानात नसेल."

हे वडिलांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जोडलेले हात खाली आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी अजून तो आकडाच पाहत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की ते लगेच म्हणाले, "नसू दे. ऐकून ऐकून कान दुखले लोकांचे. रविवारी तर सुट्टी असते ना?"

"रविवारी असते."

सरांचा हात मघापासून आपल्या हनुवटीवर होता. तिथं सकाळच्या घाईतल्या दाढीचे दोन कापसाचे बोळे चिकटलेले होते.

"रविवारी कितीला उघडता?" त्यांनी विचारलं.

"सातला," वडील म्हणाले. "पण आपण साडेसातला या, सर. पेपर तेव्हा येतो."