लग्नानंतरची वर्षं

भाऊबीजेला सख्खा भाऊ दारात आला. नलिनीबाईंनी त्याला अदबीने बसवलं आणि स्वयंपाकघरात येऊन नवऱ्याला हळूच विचारलं, “अहो, हे कोण आलेत?”

यशवंतरावांचा चेहरा उतरला. निवृत्त होताना त्यांनीच दोघांच्या आरोग्यविम्याला स्मृतीचं जादा कवच जोडलं होतं. आजारात पुसलेल्या आठवणी विमा कंपनी मेंदूत परत भरून द्यायची; नलिनीबाईंच्या यंदाच्या आजारानंतर तशा भरूनही दिल्या होत्या. हप्ता कमी बसावा म्हणून त्यांनी बायकोसाठी ‘लग्नानंतरची वर्षं’ एवढंच निवडलं होतं, त्यातूनही माहेरची माणसं वगळून, आणि तेही तिला न विचारता. माहेरच्या आठवणींवाचून तिचं काय अडणार होतं?

बाहेरून हाक आली, “चिमे, ओवाळतेस ना गं?”

“कुणाला बोलावताहेत हो ते?” म्हणत नलिनीबाईंनी यशवंतरावांच्या चहात न विसरता अर्धाच चमचा साखर घातली.