आटलेल्या विहिरीचा रहाट

लातूर जिल्हा झाला तेव्हा चाकूरला पेढे वाटले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या परसातली विहीर आटलीच. रहाटाचा दोर मी स्वतः सोडून ठेवला. तरी रोज दुपारी रहाट कुरकुरायचा, कुणी भरलेली घागर वर ओढत असल्यासारखा. जाऊन बघावं तर जागचा हललेला नसायचा.

मला ती कुरकुर सोसायची, सासूबाईंची नाही. मागच्या दारात ज्वारी निवडताना त्या एकदा म्हणाल्या, "शांतम्मा, कान गेले तरी बरं बग. हे ऐकणं तर सुटंल."

"आणि डोळे गेले तर?" मी चिडून विचारलं.

"न्हाई गं. पूजेत तळहातावरचं लिंग कशानं बघू? डोळे पायजेत. कान जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना काहीच ऐकू येईना. मी रडले. त्या मात्र खुशीत लिंगपूजेला बसल्या.

दुपारी रहाट कुरकुरला. आता तो मला एकटीलाच ऐकू येत होता. पण सासूबाई विहिरीकडं टक लावून बघत होत्या.

"ही कोण गं पाणी काढायलीय?"

विहिरीवर कुणीच नव्हतं.

आवाज थांबला. त्यांची नजर विहिरीवरून निघाली, परसातून हळूहळू आमच्याकडं आली आणि माझ्या खांद्यामागं येऊन थांबली. लिंग धरायच्या त्याच तळहातानं त्यांनी डोळे झाकून घेतले.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "डोळेच द्यायला पायजे होते."

तेवढ्यात मागून, अगदी माझ्या कानाशी, रहाट कुरकुरला.